अकरा दिवसांचे ठिपके

"ठिपका आहे," बारकी म्हणाली. "काळा पडलाय, पण आहे. स्क्रूच्या बरोबर मधोमध."

तिच्या बापाने, दादाने, डोळे मिटले. त्याच्या भावाने, धाकट्याने, टेबलावर थाप मारली आणि "बघा, मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणून सगळ्यांकडे पाहिलं, जणू ठिपका सापडला म्हणजे टीव्ही जळलाच नाही. त्याची बायको, धाकटी, दाराशी उभी होती. 'मधोमध' हा शब्द खोलीत फक्त आत्याने, दादाच्या बहिणीने, ऐकला. तिने चष्मा काढून रुमालाने पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि बारकीकडे पाहिलं. बारकी खिडकीबाहेर बघत होती, आणि खिडकीबाहेर तर रिकाम्या खोक्यांच्या ढिगापलीकडे काहीही नव्हतं.

दुपारचे दोन वाजले होते. चार वाजता तपास अधिकारी कारखान्यात येणार होता. सहा दिवसांपूर्वी, याच तपासणीच्या खोलीतून गेलेल्या एका रंगीत टीव्हीने एका शिंप्याच्या घरी पेट घेतला होता. शिंपी दुकानात होता. त्याची आई घरात होती, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. टीव्ही घेतला होता तो तिच्यासाठीच, दिवसभर सोबत व्हावी म्हणून. शेजारी दार फोडून आत गेले तेव्हा उशीर झाला होता.

आज सकाळी बारकीला तपास अधिकाऱ्याच्या कचेरीत बोलावून जळका सेट दाखवला होता. कागदोपत्री कारखान्याची मुख्य इंजिनिअर ती. वय एकतीस, शिक्षण परदेशातलं, पण घरात नाव बारकीच.

आता ठिपक्याचं सांगायला हवं. टीव्हीच्या पोटात, सर्किटच्या प्लेटवर एका कोपऱ्यात, वाटाण्याएवढा एक स्क्रू असतो. तो फिरवून आतला दाब, म्हणजे व्होल्टेज, बसवायचा. दाब कमी झाला की चित्र आकसतं. जास्त झाला की चित्र झकास दिसतं आणि ट्रान्सफॉर्मर आतल्या आत भाजत राहतो. आत्या मीटरचा काटा खुणेवर आणायची, सेट आठ तास चालू ठेवायची, पाठीवर तळहात टेकून ऊब बघायची, काटा पुन्हा तपासायची आणि मग नेलपॉलिशच्या बाटलीतला बारीक ब्रश काढून स्क्रूवर एक लाल ठिपका लावायची. सव्वीस वर्षं हेच केलं. स्वतःच्या नखांना बाईने जन्मात रंग लावला नाही, पण बाटल्या संपवल्या त्या पोत्याने. कामगार तिला ठिपकेबाई म्हणत, तोंडावरसुद्धा.

धाकट्याने पहिलं शोरूम उघडलं आणि त्याला हा ठिपका दिसला. त्याने सेटच्या मागच्या झाकणाला एक छोटीशी खिडकी पाडून घेतली. 'लाल ठिपका बघा, मगच घरी न्या.' पाट्या लागल्या, वर्तमानपत्रात अर्धं पान आलं. काचेपलीकडे ओळीने मांडलेल्या टीव्हींसमोर फूटपाथवर माणसं उभी राहायची, आवाज ऐकू येत नसला तरी सामना संपेपर्यंत हलायची नाहीत, आणि आत आली की चित्राआधी ठिपका दाखवा म्हणायची. एका शोरूमची चौदा झाली. आत्याचा ठिपका घराण्याचा तोरा झाला आणि आत्या होती तिथेच राहिली, त्याच खोलीत, त्याच स्टुलावर.

"आता नीट ऐका," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज गिऱ्हाइकाशी बोलताना असतो तसा झाला होता. "ठिपका आहे म्हणजे सेट तपासून बाहेर गेला. तपासणारी कोण? ताई. ताईचं नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. एका डोळ्याला पट्टी. तरी बिचारी तिसऱ्या दिवशी कामावर आली, कामाची ओढ. एका डोळ्याने काम केलं आणि एक चूक झाली. माणूस आहे, होते चूक."

"मी अकरा दिवस घरी होते," आत्या म्हणाली.

"ते आपल्याला माहीत आहे ताई. हजेरीपटात तुझं नाव आहे का? कधीच नव्हतं. घरच्या माणसाची हजेरी कोण मांडतं?"

"म्हणजे मी होते म्हणायचं."

"होतीस म्हणायचं. बास. तुला कोण काय करणार आहे? एकसष्ट वर्षांची बाई, डोळ्याला पट्टी. ताकीद देतील, फार तर दंड. पण उद्या बाहेर आलं की अकरा दिवस तपासणी झालीच नाही, तर बारकी आत जाईल. कागदावर सही तिची. म्हाताऱ्या माणसाची चूक ती चूक असते ताई, कंपनीची चूक म्हणजे गुन्हा."

"तपासणी झाली नाही असं नाही," दादा घाईघाईने म्हणाला. "मशीनने झाली."

"हो, मशीनने झाली," बारकी खिडकीकडे बघतच म्हणाली.

आत्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले. "मला बारकीशी बोलायचंय," ती म्हणाली. "एकटीशी."

*

दादा बाहेरच्या जोडणीच्या हॉलमध्ये जाऊन उभा राहिला. लांबलचक टेबलं मोकळी होती. कामगारांना सुट्टी दिली होती, डाख देण्याची सोल्डरिंग आयर्न स्टँडवर थंड पडली होती, आणि जळलेल्या रोझिनचा, डाखाच्या राळेचा, तो वास मात्र होता. त्या वासावर त्याने आयुष्य काढलं होतं.

सुरुवात स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाली. तो आणि बहीण. तो रेडिओ दुरुस्त करायचा, ती व्हॉल्व्ह पुसून द्यायची. मग स्वतःचे रेडिओ जोडू लागले. मग सरकारने बाहेरचे सुटे भाग आणायला परवानगी दिली आणि बघता बघता गल्लीबोळांत टीव्हीचे कारखाने उगवले. ज्याच्याकडे एक शेड आणि दहा मुली होत्या तो कारखानदार झाला. त्यातले बहुतेक बुडाले. दादा तरला, कारण त्याचे सेट परत येत नसत. का येत नसत हे त्याला पक्कं ठाऊक होतं, पण बहिणीला तसं बोलून दाखवायचं मात्र राहून गेलं.

यंदा परदेशी कंपन्यांना दार उघडलं. त्यांची चकचकीत शोरूम धाकट्याच्या शोरूमांसमोरच उभी राहू लागली. धाकटा रोज फोनवर ओरडायचा, "माल दे दादा, काचेत ठेवायला माल नाही." आणि नेमकं तेव्हाच डॉक्टरांनी आत्याला सांगितलं, अकरा दिवस वाकायचं नाही.

दादा बारकीच्या टेबलाशी गेला होता. आठ तास एका सेटला, असं कसं चालायचं, म्हणाला होता. बारकी म्हणाली, "बाबा, मी आणलेलं मशीन चाळीस सेकंदांत सांगतं. आठ तास ही आत्याची श्रद्धा आहे." तो म्हणाला, "पण ठिपका?" ती हसली होती. "ठिपका मी लावते. काकांच्या खिडकीतून दिसला म्हणजे झालं ना?"

तोही हसला होता. आठवलं आणि त्याला तिथल्या तिथे खाली बसावंसं वाटलं. बारकीची आई गेली तेव्हा पोरगी चार वर्षांची होती. आत्याने तिला इथेच, या टेबलांखाली वाढवली. आता त्या दोघींपैकी एकीला पुढे करायचं होतं, आणि कोणाला, हे त्याने मनात केव्हाच ठरवून टाकलं होतं. बहीण आपली आहे, ती समजून घेईल, असा हिशेब त्याने केला होता. आयुष्यभर तो हाच हिशेब करत आला होता.

*

धाकटी हॉलच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. मोठ्या शोरूमचा काउंटर ती सांभाळायची. बोलायला फटकळ, विकायला पट्टीची. नवरा जाहिराती करायचा आणि माल हिच्या जिभेवर खपायचा, हे सगळ्या बाजाराला माहीत होतं.

"तू जरा ताईला समजाव," धाकटा जवळ येऊन म्हणाला. "तुझं ऐकेल."

"काय समजावू?"

"हेच. घराचं भलं."

"त्या शिंप्याला सेट मी विकला," धाकटी म्हणाली.

"चौदा दुकानांत रोज डझनावारी सेट जातात. कोणीतरी विकलाच असणार."

"कोणीतरी नाही, मी. सुट्टीच्या दिवशी आला होता. गळ्यात टेप तसाच. म्हणाला, आईसाठी आहे, ती एकटी असते, तिला उठता येत नाही, बंदसुद्धा करता येणार नाही, चालेल ना? मी म्हटलं, अहो, दिवसभर चालू ठेवा, काही होत नाही. मग म्हणाला, ठिपका दाखवा. मी बॅटरी लावून दाखवला. त्याने वाकून बघितला आणि म्हणाला, बरं वाटलं."

धाकटा म्हणाला, "हे त्या अधिकाऱ्यासमोर बोलायचं नाही."

"काल त्याच्या घरी गेले होते मी."

"कोणाला विचारून?"

"कोणालाही नाही. खोली बघितली. काळवंडलेल्या भिंतीवर खाटेएवढी जागा तेवढी पांढरी राहिलीय. त्याने मला ओळखलं. बसा म्हणाला. शिव्या घालेल असं वाटलं होतं हो. नाही घातल्या. मलाच विचारलं, बाई, माझं काही चुकलं का? तुम्ही चालू ठेवा म्हणालात म्हणून मी ठेवला."

धाकट्याने घड्याळाकडे पाहिलं. अडीच वाजून गेले होते.

"चोर सोडून संन्याशाला फाशी, म्हणतात ते हेच," धाकटी म्हणाली. "तुमच्या बहिणीने त्या सेटला हातसुद्धा लावलेला नाही."

"तू कोणाच्या बाजूची आहेस?"

"मला काय ठाऊक," ती म्हणाली. खरोखरच तिला ठाऊक नव्हतं.

*

तपासणीच्या खोलीचं दार बंद होतं. आत्याने कप्प्यातून एक मोकळी प्लेट काढली, भिंग काढलं, बाटली काढली. नवं काही शिकवायचं असलं की ती अशीच मांडामांड करायची.

"मधोमध म्हणालीस," आत्या म्हणाली.

"हो."

"तू लावलेस."

बारकीने मान हलवली. "सगळे. अकरा दिवसांतले आठशे चाळीस. आत्या, पण ते ट्रान्सफॉर्मरमुळे झालं असणार. नवीन माल आला होता, त्याचं इन्सुलेशन... मी तपासणार आहे. मशीनवर सगळे सेट पास झाले होते, दाब अगदी बरोबर होता. माझ्याकडे आकडे आहेत."

"बाहेर पडताना बरोबर होता."

"मग?"

आत्याने पेचकस घेतला आणि प्लेटवरचा स्क्रू त्याच्या टोकाने हलकेच ढकलला. तो फिरला. "हे नवे स्क्रू सैल येतात. गेल्या वर्षापासून येतात. सेट तापला की आपोआप सरकतात, केसभर. रोज केसभर. मी तुझ्या बापाला दोनदा सांगितलं. तो म्हणाला, तू आहेस ना." तिने ब्रश काढला. "म्हणून ठिपका मधोमध लावायचा नसतो. अर्धा स्क्रूवर, अर्धा बाजूच्या अंगावर. वाळला की दोघांना धरून ठेवतो. मधोमध लावला तर स्क्रू ठिपक्यासकट फिरतो."

बारकीने भिंग उचललं, पण डोळ्याला लावलंच नाही.

"मला वाटलं ती खूण आहे," ती म्हणाली.

"खूण तुझ्या काकाने केली. ते कुलूप होतं."

बाहेर कोणीतरी खुर्ची सरकवली. बारकीने भिंग खाली ठेवून तो सैल स्क्रू बोटाने फिरवून पाहिला. दोन विद्यापीठांतल्या पदव्या होत्या तिच्याकडे. स्क्रू सैल आहे हे कुठल्याही आकड्यात तिला दिसलं नव्हतं, कारण चाळीस सेकंदांत तो सरकत नाही.

"तू मला कधीच का सांगितलं नाहीस?" तिने शेवटी विचारलं, आणि विचारताक्षणीच तिला स्वतःची लाज वाटली.

आत्या मात्र रागावली नाही. "तेच तर," ती म्हणाली. "पाच वर्षांची होतीस. मांडीवर बसून हट्ट करायचीस, मी लावते, मी लावते. बाहुलीचा डोळा रंगवावा तसा बरोबर मध्ये लावायचीस. इतकं गोड दिसायचं ते की मी काही बोलायचेच नाही. तू शाळेत गेलीस की थिनरच्या चिंधीने पुसायचे आणि परत माझा लावायचे. मग तू मोठी झालीस, परदेशी गेलीस, इंजिनिअर होऊन आलीस. आता हिला काय सांगायचं, असं वाटलं. आणि पट्टी सुटल्यावर कामावर आले तर सेट ठेवायचे घोडे रिकामे. ठिपके कोणी लावले विचारलं, तर तुझा बाप म्हणाला, लागले. मी गप्प बसले. एक फोन करून एक सेट मागवून बघायचा होता. नाही मागवला. तुझा अपमान होईल म्हणून."

"आत्या—"

"ठिपका माझा, असं मी म्हणणार आहे. तू मध्ये बोलायचं नाहीस."

बारकीने तोंड उघडलं. नको म्हणावं, नाही म्हणावं, खरं सांगते म्हणावं, हे सगळं तिच्या मनात आलं. पण त्याच्या आधी, एका क्षणापुरतं, तिला सुटका झाल्यासारखं वाटलं. आत्याने ते तिच्या चेहऱ्यावर पाहिलं आणि नजर बाटलीकडे वळवली.

*

"एका अटीवर," आत्याने सगळ्यांना सांगितलं. "ते आठशे चाळीस सेट परत आणायचे. उद्यापासून. घरोघर जाऊन. त्या घरांत कोण कोण झोपलेलं असेल आपल्याला माहीत नाही."

"वेड लागलंय का तुला?" धाकटा उठलाच. "परत आणायचे म्हणजे जाहिरात द्यायची की आमचे टीव्ही जळतात! समोरचे परदेशी टाळ्या वाजवतील. एक सेट जळाला ताई, एक."

"आजपर्यंत एक."

"दादा, हिला सांग काहीतरी."

दादा म्हणाला, "हळूहळू आणू. दुरुस्तीच्या नावाखाली. दोन-तीन महिन्यांत—"

"स्क्रू रोज केसभर सरकतो," आत्या म्हणाली. "त्याला तुझे दोन-तीन महिने कळत नाहीत."

"नाव कोणाचं जाणार आहे यात?" धाकट्याचा आवाज चढला. "चौदा दुकानं मी उभी केली! तुझ्या त्या ठिपक्याला विचारत कोण होतं? या चार भिंतींत पडून होता. मी त्याला रस्त्यावर आणला."

"आणलात आणि काय केलंत?" धाकटी म्हणाली. ती एवढा वेळ दाराला टेकून उभी होती. "मला रोज बॅटरी लावून दाखवायला लावलंत. मला ठाऊक नव्हतं तो कशासाठी असतो. तुम्हाला होतं?"

"तू गप्प बस."

"सहा दिवस गप्पच आहे. भाऊजी, वन्सं म्हणतात ते करायचं कबूल असेल तर करा, नाहीतर चार वाजता मी बोलते. माझ्याकडे विक्रीच्या पावत्या आहेत, आठशे चाळीस पत्ते आहेत. त्या साहेबाच्या हातात देईन."

धाकटा बायकोकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत दुकानात त्याने तिचा हा आवाज कित्येकदा ऐकला होता, गिऱ्हाईक दारातून परत फिरवणारा, पण तो स्वतःवर येईल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"कबूल," दादा म्हणाला. "माझा शब्द. उद्या सकाळी गाड्या निघतील." मग तो बहिणीकडे वळला. "तू मात्र शब्द फिरवू नकोस."

आत्या हसली. कडू हसली. "मी कधी फिरवलाय?"

बारकी कोपऱ्यात उभी होती. तिला कोणी काही विचारलं नाही.

*

अधिकारी चारला पाच मिनिटं असतानाच आला. किरकोळ अंगाचा, दमलेला माणूस, खिशाला दोन पेनं. चहा नको म्हणाला. टेबलावर त्याने प्लास्टिकच्या दोन पिशव्या ठेवल्या. एकीत जळक्या प्लेटचा तुकडा होता, दुसरीत एक जुनी, धुळकट प्लेट.

आत्याने सगळं सांगितलं. ऑपरेशन, पट्टी, तिसऱ्या दिवशी कामावर येणं. एकदाही अडखळली नाही. तिला खोटं बोलता येतं हे घरच्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. अधिकाऱ्याने सगळं लिहून घेतलं.

"म्हणजे हा ठिपका तुमचा."

"माझा."

"ही दुसरी प्लेट माझ्या बहिणीच्या घरची," तो म्हणाला. "तुमचाच सेट, नऊ वर्षं चाललाय. काल उघडून घेतला. बहीण अजून माझ्याशी बोलत नाहीये." त्याच्या या विनोदाला कोणी हसलं नाही, त्याचीही तशी अपेक्षा नसावी. "यात ठिपका कडेला आहे. अर्धा आत, अर्धा बाहेर. आणि जळक्यात मधोमध. मला त्यातलं फारसं कळत नाही, म्हणून विचारतो."

"एका डोळ्याने नीट अंदाज येत नाही," आत्या म्हणाली. "जागा चुकते."

"चुकत असेल. करून दाखवता? तेव्हासारखा एक डोळा झाकून."

दादाने धाकट्याकडे पाहिलं. आत्याने मोकळी प्लेट पुढे ओढली, डाव्या तळहाताने डावा डोळा झाकला, उजव्या हाताने ब्रश उचलला. ब्रश खाली आला. तिने हात उचलला तेव्हा सगळे वाकले.

अर्धा स्क्रूवर, अर्धा अंगावर.

"हा तर बरोबर पडला," अधिकारी म्हणाला.

"सवय," आत्या म्हणाली. "थांबा, परत करते."

दुसऱ्या स्क्रूवर ती ब्रश घेऊन बराच वेळ थांबली. मधोमध न्यायचा होता, इतकंच. पोरालाही जमलं असतं. पाच वर्षांच्या पोरीला जमायचं. ब्रश मध्यावर आला, टेकणार इतक्यात मनगट आपोआप कडेला सरकलं, आणि ठिपका पुन्हा तसाच बसला, अर्धा इथे, अर्धा तिथे. सव्वीस वर्षं ज्या हाताने हे काम केलं होतं तो हात ऐकेना. आत्याने स्वतःच्या हाताकडे असं पाहिलं, जणू कोणा परक्याने तिला भरल्या घरात तोंडघशी पाडलं होतं. तिच्या झाकलेल्या डोळ्यातून पाणी येऊन तळहाताखालून ओघळलं.

"आणखी एकदा," ती म्हणाली. "हात कापतोय जरा."

हात मुळीच कापत नव्हता. ते खोलीतल्या सगळ्यांना दिसत होतं, अधिकाऱ्यालाही. त्याने लिहिणं थांबवलं होतं.

बारकी कोपऱ्यातून पुढे आली. "बारके," दादा म्हणाला, नुसतंच. तिने ऐकलं नाही असं नाही. तिने आत्याच्या बोटांतून ब्रश सोडवून घेतला, बाटलीत बुडवला, प्लेट स्वतःकडे वळवली आणि तिसऱ्या स्क्रूवर ठिपका लावला. दोन्ही डोळे उघडे ठेवून. बरोबर मधोमध.

"असे," ती म्हणाली. "मी लावले. आठशे चाळीस. आत्या घरी होती."

धाकटा खुर्चीत बसला. दादा उभाच राहिला, त्याला बसायचं सुचलं नाही. धाकटीने पिशवीतून पावत्यांचा गठ्ठा काढून टेबलाच्या कडेला ठेवला. अधिकाऱ्याने पेनाचं टोपण काढलं, परत लावलं, आणि जळक्या तुकड्याची पिशवी उचलून त्या ओल्या ठिपक्याशेजारी धरली. बराच वेळ त्याने दोन्हींकडे पाहिलं.

आत्याला मात्र त्यातलं काहीच दिसत नव्हतं. तिला फक्त तो तिसरा स्क्रू दिसत होता, चुकीच्या जागी लागलेला. तिने कप्पा उघडला, थिनरची चिंधी काढली आणि पूर्वी पोरगी शाळेत गेल्यावर पुसायची तशी ती ठिपक्याकडे नेली.

अधिकाऱ्याने तिचा हात धरला. जोराने नाही.

"राहू द्या बाई," तो म्हणाला. "हा आता पुसता येणार नाही."